शरणपूरचे नायक

मनमाडच्या स्टेशनांत आगगाडी उभी राहिली म्हणजे उतारूंचें लक्ष फलाटावरच्या गर्दीकडे असतें. पण हें स्टेशन खरोखर पाहावयाचें असेल, तर फलाटाच्या टोकाशीं जाऊन रुळांकडे पाहिलें पाहिजे. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मोठा लोहमार्ग येथून जातो. १८७८ सालीं दौंडाकडून अहमदनगरवरून आलेला फांटा त्याला येथें मिळाला, आणि १९०० च्या सुमारास औरंगाबादेवरून हैदराबादेकडे जाणारी वाटहि येथूनच फुटली. तीन दिशांच्या गाड्या ज्या ठिकाणीं एकत्र येतात, तेथें गाडी कोण चालवितो ह्या प्रश्नाचें उत्तर वाटतें तितकें सोपें नसतें. एंजिनावरचा ड्रायव्हर गाडी ओढतो हें खरें. परंतु गार्डाच्या निशाणावांचून ती हलत नाहीं, स्टेशनमास्तराच्या परवानगीवांचून पुढें जात नाहीं, आणि सांध्यावरच्या माणसानें रूळ वळविला नाहीं तर दौंडास जाणारी गाडी भुसावळची वाट धरील. ह्यांपैकीं प्रत्येकाची सत्ता वेगळी, आणि प्रत्येकाच्या सत्तेला हद्द आहे.

ख्रिस्ती मंडळीच्या आरंभींच्या काळांत हाच प्रश्न पौलापुढें उभा राहिला होता. करिंथ येथील मंडळींत कोण मोठा, कोण धाकटा, असा वाद माजला, तेव्हां त्यानें शरीराचा दृष्टान्त दिला. एका शरीरास अनेक अवयव असतात, आणि डोळ्यानें हाताला टाकाऊ म्हणून चालत नाहीं, असा त्याचा भावार्थ. माणसांना मिळालेल्या निरनिराळ्या सामर्थ्यांस मराठी ख्रिस्ती लोक कृपादानें म्हणतात. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाहीं. १६७४ सालीं शिवछत्रपतींनीं राज्याभिषेकाच्या वेळीं अष्टप्रधानांचीं कामें वेगवेगळीं लावून दिलीं. पंढरीच्या वाटेवरच्या दिंडींतहि वीणेकरी, टाळकरी, मृदंगी आणि चोपदार ह्यांचे मान व कामें ठरलेलीं असतात. तथापि कामें वांटून देणें ही एक गोष्ट, आणि कोणाच्या अंगीं कोणता गुण आहे हें ओळखणें ही दुसरी. पहिली हुकुमानें होते. दुसरीला काळ लागतो, आणि पुष्कळदां ओळखणाऱ्याचीच परीक्षा होते. अशा एका परीक्षेची हकीकत मनमाडाहून पश्चिमेस सुमारें ४५ मैलांवर, नाशकांत, सुरू झाली.

नाशिक शहरांत शरणपूर रोड ह्या नांवाचा रस्ता आहे. त्यावरून रोज हजारों माणसें जातात. पण शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचें पूर, हा अर्थ फारसा कोणाच्या मनांत येत नसेल. चर्च मिशनरी सोसायटीचें काम नाशकांत १८३२ सालीं सुरू झालें. पुढें १८५४ च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस ह्या पाद्र्यानें शहराबाहेर ही वस्ती वसविली. ख्रिस्ती झाल्यामुळें घरादारास मुकलेल्यांना निवारा मिळावा आणि त्यांनीं कोणाच्या दयेवर न राहतां कष्ट करून पोट भरावें, असा तिचा दुहेरी हेतु होता. म्हणून वस्तींत प्रार्थनेच्या जोडीला शाळा आणि कारखाना हीं दोन्हीं आलीं. सुतारकाम, लोहारकाम ह्यांसारखे उद्योग तेथें शिकवीत.

ह्या वस्तीचा इतिहास लिहितांना एकट्या प्राइसचें नांव पुढें करण्याची रीति आहे. ती सोयीची असली तरी पुरी नाहीं. प्राइसच्या अंगीं वस्ती उभी करण्याचा, हिशेब ठेवण्याचा आणि मोडलेली घडी पुन्हां बसविण्याचा गुण होता. त्याच मिशनमधील कार्ल विल्हेल्म आयसेनबर्ग हा जर्मन पाद्री पूर्वीं हबसाणांत राहून आलेला भाषापंडित होता. आफ्रिकी मुलांचें मन जाणण्याची जी शक्ति इतरांपाशीं नव्हती, ती त्याच्यापाशीं होती. १८५६ सालीं नाशकांत ख्रिस्ती झालेले पारशी गृहस्थ रतनजी नवरोजी ह्यांनीं पुढें निजामाच्या मुलुखांत औरंगाबादेस जाऊन मंडळी जमविली. एकाच छपराखालीं तीन प्रकारचे नायक होते. ज्यांना मात्र त्या वेळीं कोणीहि नायक म्हटलें नसतें, अशीं मुलें त्याच छपराखालीं वाढत होतीं.

हीं मुलें आफ्रिकेंतलीं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून नेणारीं गलबतें ब्रिटिश आरमार पकडीत असे, आणि त्यांतून सुटलेल्या माणसांपैकीं कांहींना मुंबईस आणून उतरवीत असे. मोठ्यांना कोठें तरी चाकरी मिळे; पोरक्या मुलांचें काय करावें हा सरकारपुढें पेंच होता. त्यांपैकीं पुष्कळ मुलें १८६० नंतर शरणपुरास आलीं. बहुतेकांना आईबापांचीं नांवें अंधुक आठवत. कित्येक जण याओ जमातीचे होते. येथें त्यांना नवीं नांवें मिळालीं, आणि तीं त्यांच्या पालकांच्या नांवांवरून पडलीं. कोणी सायमन प्राइस झाला, कोणी रिचर्ड आयसेनबर्ग. दान देणाऱ्याची मुद्रा घेणाऱ्याच्या कपाळावर उमटावी, असाच हा प्रकार. मुलें गुणी असलीं तरी मिशनच्या वहींत तीं दयेचा विषय होतीं. दयेच्या विषयाला हुकूम पाळतां आला म्हणजे पुरे, हुकूम देतां यावा अशी अपेक्षा कोणी ठेवीत नाहीं.

१८६५ सालीं डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबई इलाख्यांत आला. नाईल नदीचा उगम शोधण्यासाठीं तो आफ्रिकेच्या अंतर्भागांत जावयास निघाला होता आणि त्याला सोबती हवे होते. शरणपूरच्या शाळेंतून त्यानें नऊ तरुण निवडले. मुंबईस डॉ. विल्सन ह्यांच्या शाळेंत त्यानें पूर्वीं ठेवलेला चुमा नांवाचा मुलगाहि त्यानें बरोबर घेतला. सुसी हा जुना चाकर होताच. १८६६ च्या जानेवारींत ही मंडळी मुंबईहून निघाली.

पहिलीं वर्षें आशेप्रमाणें गेलीं नाहींत. नाशकाचे तरुण चालावयास मंद, ओझें उचलावयास नाखूष, अशी लिव्हिंग्स्टनची तक्रार होती. कारखान्यांत करवत धरणाऱ्या हातांना रानांतलें ओझें जड जाणारच. पण तापानें खंगलेल्या प्रवाशाला हा विचार सुचण्यासारखा नव्हता. नवांपैकीं बरेच जण वाटेंत गळाले. १८६८ सालीं बांगवेउलू सरोवराकडे जावयाचें ठरलें, तेव्हां पुढें येण्यास ज्यांनीं साफ नकार दिला त्यांत सुसी, चुमा आणि नाशकाचा एडवर्ड गार्डनर हेहि होते. लिव्हिंग्स्टन उरलेल्यांना घेऊन गेला. परत आल्यावर त्यानें त्यांस पुन्हां जवळ केलें. चूक आपल्याकडूनहि होते, अशी कबुली त्याच्या रोजनिशींत आहे. त्यानें त्या दिवशीं त्यांना हांकलून दिलें असतें, तर पुढील इतिहास निराळा झाला असता. ज्या माणसांनीं एकदां पाऊल मागें घेतलें, त्यांच्याच अंगीं शेवटपर्यंत नेण्याचा गुण दडलेला होता, आणि क्षमेचा एक प्रसंग मिळाला म्हणून तो दिसला.

१८७२ सालीं लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठीं आणखी माणसें पोंचलीं, त्यांत शरणपूरचे सहा तरुण होते: जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर, आणि रतन हें आडनांव लावणारे बेंजामिन व रिचर्ड. त्यांच्या आगमनास एक वर्षहि पुरें झालें नव्हतें, तोंच १ मे १८७३ रोजीं पहांटे, आज झांबियांत असलेल्या चितांबो नांवाच्या नायकाच्या गांवीं, लिव्हिंग्स्टन बिछान्याशीं गुडघे टेकलेल्या स्थितींत मरण पावला. माझवारा नांवाच्या मुलानें सुसीस जागें केलें. झोंपडीबाहेर साठएक माणसें होतीं, आणि त्यांत एकहि गोरा नव्हता. आतां हुकूम कोणी द्यावा?

ह्या क्षणीं जें घडलें तें मंडळीच्या इतिहासांत कोरून ठेवण्यासारखें आहे. सर्वांनीं सुसी व चुमा ह्यांना पुढारी मानलें. त्यांनीं सर्वांस एकत्र बोलावून निर्णय घेतला कीं, प्रेत किनाऱ्यापर्यंत न्यावयाचें. त्या मुलुखांत प्रेत घेऊन फिरणें म्हणजे गांवोगांवच्या भयाला आणि वैराला आमंत्रण देणें होतें. म्हणून चुमा चितांबोकडे गेला. अनेक भाषा जाणणारा आणि माणसाच्या मनाचा ठाव घेणारा हा तरुण बोलणीं करण्यांत तरबेज होता. चितांबोनें विरोध न करतां शोक पाळला. झांझिबारला एका डॉक्टराकडे चाकरीस असलेल्या फरिजाला नांवाच्या सोबत्यास शवाची व्यवस्था ठाऊक होती. त्यानें ती केली, आणि शरणपूरचा कॅरस फॅरर त्याच्या हाताखालीं राहिला. हृदय व आंतडीं एका झाडाखालीं पुरलीं. त्या वेळीं प्रार्थनापुस्तकांतील अंत्यविधि वाचावयास पुढें आला तो जेकब वेनराइट. त्यानेंच सामानाची यादी केली, आणि त्यानेंच झाडाच्या खोडावर लेख कोरला. त्या लेखांत लिव्हिंग्स्टनचें नांव होतें, तारीख होती, आणि काफिल्यांतील नायकांचीं नांवें होतीं. कोरणाराचें नांव मात्र नव्हतें. तें खोड पुढें लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटींत नेण्यांत आलें.

सुसी-चुमांची आज्ञा, चुमाची रदबदली, फरिजालाचें कसब, जेकबची लेखणी आणि ओझीं वाहणाऱ्यांचे खांदे ह्यांपैकीं एक जरी उणें पडतें तरी तो प्रवास झाला नसता. प्रेत उन्हांत वाळविलें, कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळलें, वरून शिडाचें कापड शिवलें, आणि हजारांहून अधिक मैलांची वाट सुरू झाली. उन्यान्येंबे येथें कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. त्यानें सुचविलें कीं, प्रेत येथेंच पुरावें. त्यांनीं नम्रपणें पण ठामपणें नाहीं म्हटलें. ज्यांना आजवर आज्ञा पाळावयास शिकविलें होतें, त्यांनीं एका साहेबाची सूचना विचारपूर्वक बाजूस सारली. पुढें कासेकेरा गांवीं लोकांनीं अडविलें, तेव्हां त्यांनीं प्रेताची मोट कापडाच्या गांठोड्यासारखी बांधली, आणि प्रेत परत पाठविल्याचा देखावा करण्यासाठीं खोटी मोट घेऊन कांहीं माणसें मागें धाडलीं. फेब्रुवारी १८७४ मध्यें ते समुद्रकांठीं बागामोयो येथें पोंचले.

१८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेंत दफनविधि झाला. त्या वेळीं शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकब वेनराइट हा एकच आफ्रिकी होता. त्याचा प्रवासखर्च चर्च मिशनरी सोसायटीनें दिला होता. सुसी आणि चुमा मात्र विधि उरकल्यानंतर, लिव्हिंग्स्टनच्या एका मित्राच्या खर्चानें, इंग्लंडांत आले. ह्या लहानशा गोष्टींत सगळा प्रश्न उभा आहे. सोसायटीला वाचतां-लिहितां येणारा, तिच्याच शाळेंत वाढलेला तरुण ओळखतां आला, कारण ज्या गुणाची तिला अपेक्षा होती तोच त्याच्यापाशीं होता. साठ माणसांना नऊ महिने एका निर्धारावर ठेवणाऱ्या दोघांचें सामर्थ्य त्या प्रसंगीं तिच्या नजरेस पडलें नाहीं. ह्यांत जेकबचा दोष नाहीं. त्यानें लिहिलेली रोजनिशी आज उपलब्ध आहे, आणि त्या प्रवासाचा आफ्रिकी माणसाच्या हातचा वृत्तांत म्हणून तिचें मोल मोठें आहे. दोष असेल तर तो ओळखणाऱ्या दृष्टीचा. सुसी-चुमांच्या आठवणींचा उपयोग लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या रोजनिश्या छापतांना झाला, आणि पुढें जोसेफ टॉमसन ह्या प्रवाशाचा काफिला चुमानेंच चालविला. तो १८८२ सालीं वारला. सुसीनें १८८६ सालीं बाप्तिस्मा घेतला, आणि डेव्हिड हें नांव धारण केलें. म्हणजे ज्यानें लिव्हिंग्स्टनचें प्रेत किनाऱ्यावर आणिलें, तो त्या वेळीं ख्रिस्ती झालेलाहि नव्हता.

एवढ्यांत शरणपुरापुढें दुसरेंच क्षेत्र उघडलें. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीयर ह्यांच्या शिष्टाईनंतर १८७३ सालीं झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. सुटलेल्या गुलामांना आतां मुंबईस न आणतां आफ्रिकेंतच वसवावें, आणि त्यांस शिकविण्याचें काम शरणपुरांत तयार झालेल्या आफ्रिकी ख्रिस्त्यांनीं करावें, असें ठरलें. प्राइस १८७४ सालीं तिकडे गेला. मोंबासा बेटासमोर १८७५ सालीं फ्रीयरटाउन ही वस्ती उभी राहिली, आणि सुमारें दीडशें ‘बॉम्बे आफ्रिकन’ तेथें जाऊन राहिले. हा नवा पाया सर्वस्वीं नवाहि नव्हता. १८६४ सालींच नाशकांतून कांहीं कुटुंबें मोंबासाजवळच्या रबाई गांवीं, योहानेस रेबमान ह्या जर्मन पाद्र्याच्या मदतीस गेलीं होतीं. किलिमांजारोचें शिखर १८४८ सालीं पाहणारा हा रेबमान शेवटीं शेवटीं जवळजवळ आंधळा झाला होता. १८७५ सालीं त्यानें आफ्रिका सोडली, आणि रबाईचें लहानसें काम नाशकाच्या माणसांवर येऊन पडलें.

येथें तीन नांवें सांगितलीं पाहिजेत: जॉर्ज डेव्हिड, इश्माएल सेम्लर आणि विल्यम जोन्स. तिघेहि शरणपुरांत वाढलेले, तिघेहि एकाच शिकवणींतले. परंतु तिघांचीं कृपादानें तीन तऱ्हेचीं. जॉर्ज डेव्हिड हा गांवोगांव जाणारा सुवार्तिक होता. गिरियामा मुलुखांतील नवख्या विश्वासणाऱ्यांची विचारपूस करावयास तो जाई. त्याला १८८४ सालीं मृत्यु आला. सेम्लर हा मंडळी संभाळणारा, वर्षानुवर्षें तेंच काम न कंटाळतां करणारा. जोन्स लोहारकाम शिकलेला होता. लोहाराच्या अंगचा कणखरपणा त्याच्यांत होता, आणि संकट आलें म्हणजे तो अधिक स्थिर होई.

तथापि ह्या माणसांविषयीं इंग्लंडांतून आलेल्या मिशनऱ्यांचें मत बरें नव्हतें. ते इंग्रजी पोषाख करतात, पगार मागतात, आपल्याला बरोबरीचे समजतात, अशा तक्रारी मायदेशीं जात. ज्यांना लहानपणापासून इंग्रजी बोलावयास, नीट कपडे करावयास आणि कष्टाचा मोबदला घ्यावयास शिकविलें, त्यांनीं तें शिकणें मनावर घेतलें हाच त्यांचा अपराध ठरला. १८८१ च्या सुमारास फ्रीयरटाउनच्या गोऱ्या व्यवस्थापकानें दिलेल्या फटक्यांच्या शिक्षांचें प्रकरण झांझिबारच्या ब्रिटिश वकिलातीपर्यंत गेलें, आणि घडी पुन्हां बसविण्यासाठीं प्राइसला दुसऱ्यांदा तेथें जावें लागलें. गुलामगिरींतून सोडवून आणलेल्यांच्या वस्तींत चाबूक निघावा, ह्याहून मोठी विसंगति कोणती? नेतृत्व एकाच रंगाचें असतें असा ज्यांचा समज होता, त्यांना समोरचे नायक दिसत नव्हते.

ही दृष्टि बदलण्यास जेम्स हॅनिंग्टन ह्या बिशपाचें येणें कारण झालें. १८८५ च्या जानेवारींत तो आला, आणि त्याच वर्षीं ३१ मे रोजीं त्यानें जोन्स आणि सेम्लर ह्यांना डीकनपदाची दीक्षा दिली. शरणपूरच्या कारखान्यांतील मुलांना हा अधिकार मिळण्यास वीस वर्षें लागलीं. जुलैमध्यें बिशप युगांडाकडे निघाला, तेव्हां त्यानें बरोबर जोन्सला घेतलें. वाटेंत क्वा सुंडू येथें बहुतेक काफिला जोन्सच्या स्वाधीन करून तो पन्नास माणसांनिशीं पुढें गेला. २९ ऑक्टोबर १८८५ रोजीं बुसोगांत त्याचा वध झाला, आणि बरोबरच्या बहुतेकांचाहि अंत झाला.

मागें थांबलेल्या जोन्सपुढें आतां १८७३ चाच प्रश्न उभा होता. फरक एवढाच कीं, चितांबोच्या गांवीं मरण निश्चित कळलें होतें, येथें केवळ अफवा होत्या. पुढें जावें तर हातांतल्या माणसांचा नाश, परत फिरावें तर बिशपाला सोडल्याचा ठपका. बातमी निश्चित होईपर्यंत त्यानें वाट पाहिली, आणि मग उपाशी, थकलेल्या माणसांना घेऊन तो शेंकडों मैल मागें आला. १८८६ च्या फेब्रुवारींत काफिला रबाईस पोंचला, तेव्हां त्याच्या अग्रभागीं निळें निशाण होतें, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच हिब्रू शब्द होता, ईखाबोद. वैभव गेलें, असा त्याचा अर्थ. जोन्सनें मोठें भाषण केलें नाहीं. त्या एका शब्दानें मंडळीला काय घडलें तें कळलें.

जोन्सचें आणखी एक काम ह्याहून अधिक धोक्याचें होतें. किनाऱ्यावर गुलामगिरी अजून कायदेशीर होती. ती तेथें १९०७ सालीं नाहींशी झाली. मालकांच्या जाचानें पळालेले गुलाम रबाईकडे येत. त्यांना आसरा देणें म्हणजे सुलतानाच्या कायद्याशीं आणि मिशनच्या अधिकृत धोरणाशींहि विरोध. परंतु जो स्वतः गलबतांतून सोडविला गेला, आणि शरण आलेल्यांच्या पुरांत वाढला, तो दाराशीं आलेल्याला परत कसा पाठविणार? रबाईच्या आसपास हे पळपुटे गुलाम हळूहळू शेंकड्यांनीं वसले. १८८८ सालीं मालकांनीं हल्ल्याची धमकी दिली, तेव्हां प्राइस तिसऱ्यांदा मोंबासास आला होता. इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझी ह्यांनीं मालकांना भरपाई देऊन तंटा मिटविला, आणि १८८९ च्या आरंभीं सुमारें १,४०० माणसांना मुक्ततेचे दाखले मिळाले. नियमाप्रमाणें चालणारा पुढारी ह्या प्रसंगीं निराळा वागला असता, आणि त्याच्या वागण्याला दोषहि देतां आला नसता. जोन्सनें नियमापेक्षां शरणपूर ह्या नांवाचा अर्थ अधिक मानला.

म्हणून नेतृत्वाचा एकच सांचा ठरवून माणसें मोजूं गेलें, तर ह्या इतिहासांतील प्रत्येक जण कोठें ना कोठें उणा ठरतो. सुसी-चुमांनीं एकदां नकार दिला होता. जेकब वेनराइटचें पुढील आयुष्य लंडनच्या त्या एका दिवसाइतकें उजळ झालें नाहीं. तो १८९२ सालीं उरांबो येथें वारला. प्राइसला वस्ती उभी करतां आली, पण आपण लावलेल्या रोपांना स्वतःचा बुंधा आहे हें त्यालाहि सावकाशच कळलें असावें. उणेपणा सर्वांतच होता. प्रत्येकाला आपल्या सामर्थ्याचें स्थान मिळालें, तेव्हां मात्र एकाचें उणें दुसऱ्यानें भरून काढलें. आणि हें स्थान बहुधा कोणी वरून नेमून दिलें नाहीं. पुढारी मेला, आंधळा झाला, मारला गेला, आणि रिकाम्या जागेनें माणूस हांक मारून पुढें आणला. संकटाच्या आधींच, शांतपणें, ही पारख करणें शक्य नव्हतें काय? शक्य होतें, पण त्यासाठीं दयेचा विषय आणि अधिकाराचा धनी हीं दोन्हीं एकाच माणसांत असूं शकतात, हें आधीं मान्य करावें लागलें असतें.

१८७४-७५ नंतर शरणपूरचा आफ्रिकी आश्रम रिकामा होत गेला. नाशकाच्या शिक्षणानें घडलेल्या त्या सहा तरुणांपैकीं मॅथ्यू वेलिंग्टन सर्वांत अधिक जगला. लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासाच्या आठवणी सांगत तो मोंबासास राहिला, आणि १९३५ सालीं वारला. गलबतें गेलीं, गुलामांचे बाजार गेले. फ्रीयरटाउनला धोक्याची सूचना देण्यासाठीं बांधलेल्या घंटेवरून तेथील चौकास मिळालेलें ‘केंगेलेनी’, म्हणजे घंटेपाशीं, हें नांव मात्र राहिलें, आणि नाशकांत शरणपूर रोड हें नांव राहिलें.

मनमाडच्या स्टेशनांत आजहि नाशिककडे जाणारी गाडी उभी राहते, निशाण मिळतें, सांधा वळतो आणि ती निघते. आंतल्या उतारूला सांध्यावरचा माणूस दिसत नाहीं. झाडावर इतरांचीं नांवें कोरणाऱ्या जेकबला हें ठाऊक होतें.